एकतिसावा दगड

बटाट्याचा तिसरा सरा अर्धा उकरून झाला होता, तेव्हा मोटारसायकलवरून तो माणूस आला. पायात चकाचक बूट होते आणि काखेत प्लास्टिकची पिशवी. बांधावर उभा राहून त्याने आधी बुटांकडे पाहिलं, मग मातीकडे, आणि तिथूनच ओरडला, "डॉक्टरबाई कुठे भेटतील?"

मुकादमाने कंबर सरळ केली. छत्तीस वर्षं रस्त्याच्या टोळीवर काढलेली कंबर. ती एका दमात सरळ होत नसे.

"दवाखान्यात," तो म्हणाला. "पण पेशंट आहेत. थांबावं लागेल."

"मी पेशंट नाही."

"दिसतंयच."

दवाखाना म्हणजे घराची पुढची खोली. पूर्वी तिथे गाय बांधायचे. मुकादमाने जमीन खोदून फरशी बसवली होती, भिंतींना चुन्याचे तीन हात दिले होते. गाय मागच्या छपरात गेली आणि तिच्या जागी तपासणीचं टेबल आलं. बाकड्यावर दूधवाली आणि तिची सून बसल्या होत्या. सुनेला सातवा सरत आलेला. दोन वेळा पोट पडलं होतं आणि या खेपेला रक्तदाब चढत होता. म्हणून मुकादमाच्या लेकीने, म्हणजे डॉक्टरबाईने, सांगून ठेवलं होतं, दर तिसऱ्या दिवशी यायचं, काही होवो न होवो.

माणूस आत गेला. पाचच मिनिटांत बाहेर आला आणि खिशातून मोबाइल काढून खोलीचे, बाकड्याचे, भिंतीवरच्या वजनाच्या तक्त्याचे फोटो घेऊ लागला. दूधवालीने सुनेच्या तोंडावर पदर ओढला.

लेक दारात आली. तिच्या हातात कागद होता. "बाबा, हॉस्पिटलची नोटीस आहे. दवाखाना बंद करा म्हणतात. आजपासून. कोर्टातून मनाई आणलीय."

"कशापायी?"

"मी तिथली नोकरी सोडली ना. करारात आहे. सोडल्यावर दोन वर्षं, हॉस्पिटलपासून पंचवीस किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करायची नाही."

मुकादम हसला. अगदी मनापासून हसला. "मग झालं तर! आपण एकतिसाव्या दगडावर आहोत. ये की राजा इकडे, दाखवतो."

त्याने त्या माणसाचं मनगट धरलं आणि रस्त्यापर्यंत जवळजवळ ओढतच नेलं. कडेला दगड होता. वर पिवळा, खाली पांढरा, आणि काळ्या रंगात एकतीस. शहराच्या वेशीवर, हॉस्पिटलच्या फाटकासमोर, शून्याचा दगड होता. तिथपासून इथपर्यंतचा एकेक दगड मुकादमाच्या टोळीने रोवला होता. साखळी धरून, घाम गाळून.

"वाच," मुकादम म्हणाला.

"आजोबा, ते रस्त्याने झालं. करारात हवाई अंतर आहे. सरळ रेषेत. ते बावीस भरतं."

"हवाई?"

"म्हणजे पक्षी उडतो तसं."

"आमच्या गावातले पेशंट पायाने येतात रे. फार तर गाडीने."

माणसाने मनगट सोडवून घेतलं, त्यावरची माती झटकली आणि गाडीला किक मारली. जाता जाता त्या एकतीसच्या दगडाचाही एक फोटो घेतला.

मुकादम तिथेच उभा राहिला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण त्या आगीतली निम्मी स्वतःसाठी होती. कारण सही करायला त्यानेच सांगितलं होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. लेक डॉक्टर होऊन आली, हॉस्पिटलने तिला घ्यायचं ठरवलं, आणि तो तिच्यासोबत इस्त्रीचा शर्ट घालून गेला. टेबलावर चाळीसेक पानं ठेवलेली. लेक एका पानावर अडली. "बाबा, यात पंचवीस किलोमीटरचं काहीतरी आहे. उद्या गावात दवाखाना टाकायचा म्हटलं तर?" तिचा आधीपासून तोच बेत होता. चार वर्षं शिकायचं, अनुभव घ्यायचा आणि गावात यायचं. मुकादमाला विचार करायचीही गरज पडली नाही. अंतर म्हणजे दगड, आणि दगड त्याला तोंडपाठ. "आपला एकतिसावा," तो ऐटीत म्हणाला होता. "कर सही." टेबलापलीकडच्या बाईने मान हलवून गोड हसून घेतलं होतं. तिला ठाऊक होतं. तिने तोंडातून अक्षर काढलं नाही.

आणि तो एकतीस तरी झाला कसा? मुळात रस्ता सरळच आखला होता. गावापासून वीस किलोमीटर नाकासमोर, मग टेकडीच्या पायथ्याने दोन किलोमीटर, की शहर. सगळे मिळून बावीस. पण तो पायथा बागवाल्यांचा होता. टोळीने तिथे दोनशे हात सोलिंगसुद्धा अंथरलं होतं. मोठे दगड उभे लावून, फटीत चिपा ठोकून. मग एके दिवशी जीपमधून साहेब आला, म्हणाला, रस्ता टेकडीला वळसा घालून न्या. बागेतून जाणार नाही. दोन किलोमीटरचे अकरा झाले. वर बागवाल्यांनी त्याच टोळीकडून बागेला दगडी कुंपण घालून घेतलं, सरकारी हजेरीवर. मुकादम तेव्हा तरुण होता. त्याने मूग गिळून भिंत बांधली. पुढे बागवाल्यांनी बाग हॉस्पिटलच्या कंपनीला दिली, शहराकडच्या टोकाला पाच मजली इमारत उभी राहिली, आणि भिंत मात्र होती तिथेच राहिली. त्यांच्यासाठी रस्ता वाकला तेव्हा तो एकतीस. आता गरिबाच्या लेकीने त्या वाकड्या रस्त्याचा आधार घ्यायचा म्हटलं, तर यांना पक्षी आठवले!

लेकीने नोकरी सोडली ती काही रुसून नव्हे. एका पेशंटला आठ मिनिटं, असा हुकूम निघाला होता. भिंतीवर तसं घड्याळ लावलं होतं, आठ झाली की टिंग वाजायचं. "बाबा, बाई रडायला लागते तेव्हा सातवं मिनिट असतं," ती म्हणाली होती. वर महिन्याला ऑपरेशनं किती झाली त्याचा हिशोब सगळ्यांदेखत वाचून दाखवायचे. तिने दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा राजीनामा दिला.

दवाखाना बंद झाला. दाराला कुलूप, आणि लेक बटाट्याच्या सऱ्यात.

लहानपणी ती हे काम भराभर करायची. आता हात मऊ पडले होते. दुसऱ्याच दिवशी तळव्याला फोड आले, तिसऱ्या दिवशी फुटले. आई म्हणाली, "राहू दे गं, हे काय तुझं काम आहे?" त्यावर ती म्हणाली, "माझं काम काय आहे ते कोर्ट ठरवतंय." आईने पुन्हा विषय काढला नाही. चुन्यात थोडं पाणी घालून ती दवाखान्याची भिंत उगाचच पुन्हा रंगवत बसली.

लोक बांधावर येऊन उभे राहायचे. कुणाच्या कडेवर तापलेलं पोर, कुणाच्या पायाला जखम. ते हाक मारत नसत, नुसते उभे राहायचे. तेच जास्त लागत होतं. लेक मान वर न करता म्हणायची, "मला बघता येणार नाही. हॉस्पिटलला जा." एकदा बहिरा आला. तो मुकादमाच्या टोळीतला, सुरुंग लावून लावून कान गेलेला. त्याला छातीत घरघर होती. लेकीने खुणेने नाही म्हटलं. त्याला वाटलं, आज नाही, उद्या. तो दुसऱ्या दिवशी परत आला, आणि तिसऱ्याही. चौथ्या दिवशी मुकादमाने त्याला दंडाला धरून घरी नेऊन सोडलं. वाटेत दोघेही एकमेकांकडे पाहत नव्हते.

शहरातला वकील तरुण होता आणि सरळ होता. फोनवर म्हणाला, "डॉक्टरांच्या बाबतीत आता नवा कायदा आलाय. फार तर आठ किलोमीटर, फार तर एक वर्ष, त्यापुढे बांधता येत नाही. पण तो यंदाच्या एक मेनंतरच्या करारांना लागू. तुमच्याकडून त्यांनी सही कधी घेतली?"

"जुनी चार वर्षांपूर्वी. आणि नूतनीकरणाची या वर्षी," लेक म्हणाली. "एप्रिलच्या एकोणतीस तारखेला. सगळ्या डॉक्टरांना जेवण दिलं होतं आणि जेवणानंतर फॉर्म वाटले."

वकिलाने फोनवरच तारखा मोजल्या. "दोन दिवस आधी," तो म्हणाला. "बघा, म्हणजे कायदा त्यांनी तुमच्या आधी वाचला. मी सगळी कागदपत्रं मागवतो. तोवर कुणाला हात लावू नका. परवाना गेला तर जन्माचा जाईल."

दूधवालीची सून ठरल्या दिवशी आलीच. बांधावर पोट धरून उभी. लेक उठली, चार पावलं गेली आणि थांबली. "तू हॉस्पिटलला जाऊन तपासून ये. आजच्या आज."

ती गेली. संध्याकाळी दूधवाली सांगायला आली. "टिंग वाजलं नि आम्हाला उठवलं. म्हणाले, थोडा वाढलाय, पंधरा दिवसांनी या."

"पंधरा?" लेक म्हणाली. तिने हातातला बटाटा इतका दाबला की नखं आत गेली. "गोळी वाढवली का? लघवी तपासली का?"

"मला काय कळतं बाई त्यातलं. मला तू कळतेस."

नवव्या दिवशी सकाळी दूधवाली पदर न सावरता धावत आली. सुनेचं डोकं फुटतंय म्हणते, डोळ्यांपुढे ठिणग्या दिसतात म्हणते. लेकीने फावडं तिथेच टाकलं. कुलूप काढायला किल्ली सापडेना, तेव्हा मुकादमाने पहारीने कडीच उखडली. बॅग घेऊन ती धावली. सुनेचा दाब घेतला, पुन्हा घेतला, मग इंजेक्शन भरलं.

"पोरी," मुकादम दारातून म्हणाला, "कोर्टाची मनाई..."

"बाबा, गाडी बघा."

दुधाच्या गाडीतले कॅन उतरवले. मागे गोधडी टाकून सुनेला निजवलं, उशाशी लेक बसली, पायाशी दूधवाली. मुकादम पुढे ड्रायव्हरजवळ. वीस किलोमीटर गाडी सुसाट गेली. मग अकराचा दगड आला. समोर भिंत. भिंतीपलीकडे झाडांच्या शेंड्यांवरून हॉस्पिटलचा पाचवा मजला दिसत होता, त्याच्या काचा उन्हात चमकत होत्या. आणि रस्ता तिथून डावीकडे, हॉस्पिटलकडे पाठ करून निघाला.

मुकादमाने आयुष्यात हजार वेळा ते वळण घेतलं असेल. त्या दिवशी मात्र त्याला वाटलं की खाली उतरावं आणि भिंतीवर डोकं आपटावं. दहाव्या दगडावर खड्डे होते. नवव्यावर चढ लागला. आठव्या दगडापाशी मागून दूधवालीची किंकाळी आली. सुनेला झटका आला होता. लेक ओरडत होती, "कुशीवर घ्या, कुशीवर! गाडी थांबवू नका!" सहाव्या दगडापाशी समोरून ट्रक आला आणि दोन्ही गाड्या घाटात अडकल्या. मुकादम उतरून ट्रकवाल्याला शिव्या देत, हात जोडत, पुन्हा शिव्या देत गाडी मागे घ्यायला लावत होता. अकरा किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली.

फाटकावर रखवालदाराने सुनेला आत घेतलं, दूधवालीला आत घेतलं. लेकीला अडवलं. "मॅडम, तुम्हाला आत सोडायचं नाही असं लिहून आलंय."

"मला डॉक्टरांना सांगू दे. काय दिलंय, किती वाजता दिलंय..."

"लिहून द्या."

तिने रखवालदाराच्या टेबलावर, त्याच्या वहीचं पान फाडून लिहून दिलं. मग ती शून्याच्या दगडावर बसून राहिली. तळव्यांचे फोड पुन्हा फुटले होते.

सून वाचली. मूल गेलं. मुलगी होती. ऑपरेशन करणारा डॉक्टर लेकीच्या ओळखीचा होता. तो मागच्या दाराने बाहेर आला आणि खाली मान घालून म्हणाला, "तुझं इंजेक्शन नसतं तर आईही गेली असती. अर्धा तास आधी आणलं असतं, तर दोघी..." तो वाक्य अर्धंच सोडून लगेच आत गेला, त्याचीही नोकरी होती.

महिन्याभराने कोर्टात तारीख लागली. कंपनीचा वकील उंच होता, त्याचा आवाज तुपात तळलेला. त्याने भिंतीवर नकाशा लावला. मध्ये हॉस्पिटल, भोवती कंपासने काढलेलं लाल वर्तुळ, आणि वर्तुळाच्या आत एक ठिपका. ठिपक्यात गाव, मुकादमाचं घर, गाईचं छप्पर, सगळं मावलं होतं. तो म्हणाला, अंतर बावीस किलोमीटर. तो म्हणाला, प्रतिवादीने मनाई धाब्यावर बसवून अमुक तारखेला सकाळी एका महिलेला इंजेक्शन दिलं, त्याचा लेखी पुरावा तिच्याच हस्ताक्षरात आमच्याकडे आहे. आणि त्याने रखवालदाराच्या वहीचं ते फाटकं पान वर धरलं.

मुकादमाच्या डोक्यात तिडीक गेली. तो उठून उभा राहिला.

"साहेब, कागदाला बावीस आणि पोटातल्या लेकराला एकतीस, हे कसं काय?"

"खाली बसा," शिपाई म्हणाला.

"छत्तीस वर्षं मी तो रस्ता केलाय. मी बसणार नाही."

न्यायाधीश बाई होत्या, चष्म्यावरून पाहणाऱ्या. त्यांनी शिपायाला हाताने थांबवलं. "काय म्हणायचंय तुमचं? थोडक्यात सांगा."

थोडक्यात सांगायची मुकादमाला सवय नव्हती, पण त्या दिवशी त्याने सांगितलं. "हे म्हणतात हॉस्पिटल बावीसवर आहे. मग आमची गाडी बावीसमध्ये का नाही पोचली? मध्ये यांची भिंत आहे. लेकीला हाकलायचं तेव्हा भिंतीवरून उडून मोजता, आणि बाळंतीण आली की टेकडीला वळसा घाला म्हणता. काय ते एक ठरवा. बावीस असेल तर बावीस द्या. एकतीस असेल तर माझ्या पोरीला सोडा."

 कंपनीच्या वकिलाने कागद सारखे केले.

मग लेकीचा वकील उभा राहिला. त्याने नव्या कायद्याचं एकच कलम वाचलं, जे आधी त्याच्याही नजरेतून सुटलं होतं. करार जुना असो की नवा, ज्या रुग्णावर डॉक्टरचे उपचार चालू आहेत, त्या आजारापुरते ते उपचार कुठल्याही कराराने थांबवता येणार नाहीत. न्यायाधीशांनी विचारलं, ही महिला प्रतिवादीची चालू रुग्ण होती का? होती. दर तिसऱ्या दिवशी, पाच महिने. मनाई मागताना तुम्ही हे कलम कोर्टापुढे ठेवलं होतं का? उंच वकील म्हणाला, "तशी आवश्यकता वाटली नाही."

आवश्यकता वाटली नाही! मुकादमाला ते शब्द नीट कळायला वेळ लागला. म्हणजे त्या नऊ दिवसांत लेक त्या सुनेला तपासू शकत होती. हक्काने. उजळ माथ्याने. बांधावर पोट धरून उभी असताना चार पावलं पुढे जाऊन तिचा हात हातात घेऊ शकत होती. कायदा तेव्हाही तसाच होता. फक्त ज्यांना तो माहीत होता त्यांनी सांगितला नाही, आणि ज्यांना सांगायला हवा होता ती माणसं बटाटे काढत होती.

हुकूम झाला. इंजेक्शन देणं हा मनाईचा भंग नाही. चालू रुग्णांना तपासायला मोकळीक. त्यांची यादी प्रतिवादीने कोर्टाला द्यावी. बाकी अंतर बावीस किलोमीटर असल्याचं कंपनीने शपथेवर सांगितलंय, प्रतिवादीनेही नाकारलेलं नाही, ते मान्य धरलं जातं. मूळ दाव्याची सुनावणी चार महिन्यांनी.

दवाखान्याच्या वहीवरून यादी निघाली. त्रेसष्ट नावं होती. बहिऱ्याचं नव्हतं. तो मनाईच्या आधी कधी आलाच नव्हता, म्हणून नवा ठरला. कुलूप निघालं, आणि मुकादमाला यादी घेऊन दारात बसावं लागलं. तू ये, तू नको. दोन दिवस त्याने हे काम केलं. तिसऱ्या दिवशी त्याने यादी बायकोच्या हातात दिली, कोर्टाच्या हुकमाची नक्कल घडी करून खिशात घातली आणि खांद्यावर पहार घेतली.

"बाबा, कुठे निघालात?" लेकीने विचारलं.

"मोजणीला."

तिने पहारीकडे पाहिलं. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिने अडवलं नाही.

बहिरा वाटेत टिकाव घेऊन उभाच होता. जुना रोलरवाला आला, एक डोळा गेलेला, पण घमेलं डोक्यावर. दुधाच्या गाडीने सगळ्यांना अकराव्या दगडापाशी सोडलं. गाडीतून शेवटी दूधवालीची सून उतरली. अंगावर अजून काही मांस चढलेलं नव्हतं.

"तू कशाला आलीस गं?" मुकादम म्हणाला. "ऊन आहे."

"टेपचं एक टोक कुणी धरायचं?" ती म्हणाली. "मी धरते."

मुकादमाने अकराव्या दगडाला टेप लावला आणि नाकासमोर, भिंतीकडे सरळ चालत गेला. ही भिंत त्याची होती. कुठे चुना आहे आणि कुठे नुसती माती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने एक दगड हाताने चाचपला, आणि पहारीचं टोक त्याच्या बुडात घातलं.

पलीकडून रखवालदार धावत आला. फाटकावरचाच तो, वहीवाला, आज बागेच्या पहाऱ्यावर. "आजोबा! ओ आजोबा, हे काय करताय? रस्ता इथून नाही. रस्ता तिकडून आहे, टेकडीला वळसा घालून."

मुकादमाने खिशातून कागद काढला, उलगडला आणि भिंतीवरून त्याच्या हातात दिला.

"तो एकतीसचा," तो म्हणाला. "तुझ्या मालकाने शपथ घेतलीय, हॉस्पिटल बावीसवर आहे. आम्ही शपथ खरी करायला आलोय."

रखवालदार कागद वाचू लागला. वाचता वाचता त्याची नजर सुनेवर गेली, आणि तिला ओळखल्यावर तो मागे सरला. मग तो फोन करायला झाडाखाली गेला. त्याला पोलिसांना बोलवायचं असेल, बोलावू दे. मुकादमाने पहारीवर सगळं वजन टाकलं. दगड हलला, भिंत कुरकुरली, आणि एक अख्खा थर बागेत कोसळला. धुरळा खाली बसला तेव्हा पलीकडे गवतात, मुळांच्या जाळ्याखाली, दगडांच्या ओळी दिसल्या. उभे लावलेले, फटीत चिपा ठोकलेले, चाळीस वर्षांपूर्वीचे. सरळ हॉस्पिटलकडे गेलेले.

बहिऱ्याने टिकाव उचलला. त्याला छातीत घरघर होती, दोन घावांत धाप लागली, तरी तो थांबेना.

"टेप ताण," मुकादम मागे न पाहता म्हणाला.

सुनेने टेप ताणला.